जोसेफसन जंक्शनला मॅग्नेटिक फील्ड लावलं की करंटचं काय होतं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीच्या सॉलिड स्टेटच्या पेपरात जोसेफसन इफेक्ट येतो, डीसी आणि एसी अशी दोन इक्वेशन पाठ होतात आणि तिथेच गाडी थांबते. फील्ड लावल्यावर काय होतं हा भाग बऱ्याच ठिकाणी शेवटच्या तासाला उरकून टाकतात, आणि खरं तर सगळा जीव तिथेच आहे, स्क्विड (अगदी बारीक फील्ड मोजायचं यंत्र) त्यातूनच निघालं, क्वांटम कॉम्प्युटरचा क्युबिट, म्हणजे त्याचा बिट, ट्यून करतात तेही त्यातूनच. जळगाव, धुळे, अमळनेर, नंदुरबार इकडची पोरं-पोरी मला जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एका जागी लिहून ठेवतोय. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, जिथे लोक अडकतात तिथे मी जास्त थांबलोय. आणि वाचताना एक गोष्ट धरून ठेवा, की फील्ड या करंटला अडवत नाही, फील्ड फेज पिळतं. बाकी जवळपास सगळं त्यातूनच निघतं.

हे जंक्शन म्हणजे दिसायला नेमकं काय असतं?

दोन सुपरकंडक्टर (म्हणजे खूप थंड केल्यावर ज्यांचा रेझिस्टन्स शून्य होतो ते पदार्थ) आणि मधे एक अगदी पातळ अडथळा. आजकाल सगळ्यात जास्त वापरतात ते नायोबियमचं, म्हणजे खाली नायोबियमची फिल्म, तिच्यावर अॅल्युमिनियमचा पातळ थर, त्या थराचा वरचा भाग ऑक्सिजन सोडून ऑक्साइड करायचा, आणि वरून परत नायोबियम. ऑक्साइडची जाडी एक-दोन नॅनोमीटर, बस. अडथळा इन्सुलेटरचाच पाहिजे असं काही नाही, साधा धातू चालतो, ग्राफिन चालतं, नाहीतर सुपरकंडक्टरचीच एक बारीक मान पण चालते. चिपवर बघितलं तर मायक्रोस्कोपखाली एक छोटा चौकोन दिसतो आणि त्याला दोन्हीकडून पट्ट्या आलेल्या असतात.

व्होल्टेज नाही तर करंट जातो कसा?

सुपरकंडक्टरमधे इलेक्ट्रॉन जोडीने असतात, कुपर पेअर, आणि त्या सगळ्या जोड्यांची मिळून एकच वेव्ह असते, त्या वेव्हला एक फेज असते, म्हणजे वेव्ह आपल्या फेऱ्यात कुठपर्यंत आलीय ते, डिग्रीत. डाव्या बाजूची फेज वेगळी, उजव्या बाजूची वेगळी. मधला अडथळा पातळ असला की दोन्ही वेव्ह एकमेकींत थोड्या शिरतात आणि फेजमधल्या फरकामुळेच करंट वाहतो, व्होल्टेज लागतच नाही. किती? तर क्रिटिकल करंट (जंक्शन व्होल्टेजशिवाय जास्तीत जास्त जेवढा नेऊ शकतं तो) गुणिले साइन ऑफ फेजचा फरक. म्हणजे फरक शून्य असेल तर करंट शून्य, फरक नव्वद डिग्री असेल तर जास्तीत जास्त, आणि एकशे ऐंशीच्या पुढे गेला की करंट उलट दिशेला.

हे शेवटचं वाक्य नीट वाचा. फेजनुसार करंट उलटाही जातो. पुढे सगळीकडे हेच कामाला येणार आहे.

मग मॅग्नेटिक फील्ड आल्यावर काय होतं?

हा खरा प्रश्न, म्हणून जरा बसून बघू.

समजा जंक्शन आडवं पसरलेलं आहे, करंट खालून वर जातोय, आणि फील्ड जंक्शनच्या पातळीतच लावलंय. सुपरकंडक्टर फील्डला आत येऊ देत नाही, हे माइसनर आणि ऑक्सेनफेल्ड यांनी १९३३ साली दाखवलं. पण अगदी काठावर थोडं फील्ड शिरतंच, जेवढं खोल शिरतं तिला पेनिट्रेशन डेप्थ म्हणतात, आणि नायोबियमच्या पातळ फिल्ममधे ती साधारण ८० ते ९० नॅनोमीटर असते. मधल्या ऑक्साइडमधे तर फील्ड पूर्णच असतं, तिथे अडवायला कोणी नाही. आता फील्डला बाहेर ठेवायला दोन्ही इलेक्ट्रोडच्या काठावरून स्क्रीनिंग करंट वाहतात, वरच्या इलेक्ट्रोडमधे समजा डावीकडून उजवीकडे आणि खालच्यामधे उजवीकडून डावीकडे. सुपरकंडक्टरमधे जिथे करंट वाहतो तिथे त्या दिशेने फेज बदलत जाते. म्हणजे एका बाजूची फेज उजवीकडे जाता जाता वाढतेय आणि दुसऱ्या बाजूची कमी होतेय, त्यात फील्डचा स्वतःचा हिस्सा, वेक्टर पोटेन्शियलचा, तोही जमा होतो, आणि मग दोन्हींमधला फरक, जो आपल्या साइनच्या आत बसलाय, तो जंक्शनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत बदलत जातो.

फील्ड नसताना पूर्ण जंक्शनभर फरक एकच होता. फील्ड लावलं की तो जागेजागी वेगळा झाला. मी फेज पिळली जाते म्हणतो ते याला.

किती पिळली जाते याचा हिशोब सोपा आहे. जंक्शनमधून जाणारा एकूण फ्लक्स (फील्ड गुणिले एरिया) किती फ्लक्स क्वांटम (फ्लक्सचं ठरलेलं छोटं माप, आकडा खाली येईल) आहे ते मोजा, फेजचे तेवढेच पूर्ण फेरे या टोकापासून त्या टोकापर्यंत होतात. एक फ्लक्स क्वांटम म्हणजे एक फेरा, ३६० डिग्री. अर्धा क्वांटम म्हणजे अर्धा फेरा.

फेज जागेजागी वेगळी झाली म्हणून एकूण करंट कमी का व्हावा?

लेझीमची रांग डोळ्यांसमोर आणा. सगळे एकाच ठेक्यावर असले तर सगळ्यांचा हात एकदम पुढे, एकदम मागे. आता रांगेतल्या प्रत्येकाने शेजाऱ्यापेक्षा थोडं उशिरा हात टाकला आणि असं करत करत शेवटचा माणूस पहिल्यापेक्षा बरोबर एक पूर्ण ठेका मागे पडला, तर कुठल्याही क्षणाला जेवढे हात पुढे तेवढेच मागे. प्रत्येक जण जीव लावून खेळतोय, पण बेरीज शून्य.

जंक्शनमधे पण तसंच होतं, प्रत्येक तुकडा आपापल्या फेजप्रमाणे पूर्ण ताकदीने करंट नेतोच आहे, काही तुकडे वर नेताहेत, काही खाली. बरोबर एक फ्लक्स क्वांटम आत आला की वर जाणारा आणि खाली येणारा करंट तंतोतंत सारखा, आणि बाहेरून बघितलं तर जंक्शन शून्य व्होल्टेजवर काहीच नेत नाही.

अर्ध्या क्वांटमला निम्मा करंट राहतो का?

नाही, ६३.७ टक्के राहतो. साइनच्या सगळ्यात चांगल्या अर्ध्या फेऱ्याची सरासरी दोन भागिले पाय (π), म्हणून. परीक्षेत इथे बरेच जण ५० लिहितात.

भो, मंग तो करंट जास कोठे?

हा प्रश्न मला अगदी ह्याच शब्दांत एकाने विचारला होता आणि मला तो पुस्तकातल्या कितीतरी प्रश्नांपेक्षा चांगला वाटतो. करंट कुठे जात नाही, तो जंक्शनच्या आतच गोल फिरतो. अर्ध्या भागातून वर जातो, वरच्या इलेक्ट्रोडच्या काठाने आडवा सरकतो, दुसऱ्या अर्ध्या भागातून खाली येतो, आणि खालच्या काठाने परत जागेवर. म्हणजे एक भोवरा, त्यात एक फ्लक्स क्वांटम अडकलेला. बाहेरच्या तारेला त्यातलं काही मिळत नाही एवढंच.

सर म्हणतात फील्डने सुपरकंडक्टिव्हिटी मोडते म्हणून करंट पडतो. बरोबर ना?

नाही, आणि ही गल्लत एवढी पसरलीय की मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यामुळे सगळा विषयच उलटा बसतो.

फील्ड खूप वाढवलं तर सुपरकंडक्टिव्हिटी जाते हे खरंच आहे. शिशाला अगदी कमी तापमानाला साधारण ८० मिलिटेस्ला लागतं, नायोबियमला त्याहून बरंच जास्त. पण जंक्शनचा करंट शून्य व्हायला एखाद-दुसरा मिलिटेस्लाच पुरतो, कधी त्याच्याही दहावा भाग. त्या वेळी दोन्ही बाजूचं नायोबियम एकदम ठणठणीत सुपरकंडक्टर असतं, त्याला काही झालेलंच नसतं.

आणि याहून पक्का पुरावा म्हणजे फील्ड अजून वाढवलं की करंट परत येतो. सुपरकंडक्टिव्हिटी मेली असती तर फील्ड वाढवल्यावर ती जिवंत कशी झाली असती? लॅबमधे स्कोपवर हे बघताना फार छान दिसतं, स्क्रीनवर मधोमध एक उभी रेघ असते, ती शून्य व्होल्टेजचा करंट. कॉइलचा नॉब हळूहळू फिरवला की ती रेघ दोन्हीकडून आखडत जाते, आखडत आखडत एकदम नाहीशी होते, आणि नॉब त्याच दिशेने फिरवत राहिलं तर परत उगवते, पण पहिल्यापेक्षा बुटकी. परत जाते. परत येते, आणखी बुटकी.

परत येतो तो आधीपेक्षा कमीच का?

दीड फ्लक्स क्वांटमवर बघू. फेजचे दीड फेरे. त्यातल्या एका पूर्ण फेऱ्याचा भाग, म्हणजे जंक्शनचा दोन तृतीयांश, स्वतःच स्वतःला खाऊन टाकतो. उरला एक तृतीयांश, त्यावर अर्धा फेरा, म्हणजे ६३.७ चा तिसरा हिस्सा, २१.२ टक्के. खरं शिखर त्याच्या थोडं अलीकडे, १.४३ क्वांटमच्या आसपास येतं आणि तिथे २१.७ टक्के मिळतात. पुढचं शिखर १२.८ टक्के. असं पुढे पुढे बारीक होत जातं.

हा ग्राफ ऑप्टिक्समधल्या सिंगल स्लिटच्या फ्राउनहोफर पॅटर्नसारखा दिसतो म्हणून त्याला तेच नाव आहे. फरक एवढाच की ऑप्टिक्समधे इन्टेन्सिटी मोजतो म्हणून साइन एक्स भागिले एक्स याचा वर्ग येतो, इथे वर्ग नाही, नुसती अॅब्सोल्यूट व्हॅल्यू. त्यामुळे आपल्याकडची बाजूची शिखरं स्लिटपेक्षा उठून दिसतात. मधलं शिखर बाकीच्यांच्या दुप्पट रुंद असतं, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

जंक्शन सगळीकडे एकसारखं असेल तरच असा सुबक ग्राफ येतो. कुठे ऑक्साइड पातळ झालं, कुठे पिनहोल राहिलं, तर मिनिमम शून्याला टेकत नाही, शिखरं वाकडी येतात. म्हणून फॅब्रिकेशन करणारे लोक हा ग्राफ आधी बघतात, करंट जंक्शनमधे नीट पसरलाय का एखाद्या कोपऱ्यातूनच पळतोय ते त्यातून लगेच कळतं.

नेमकं किती फील्ड लागतं? आकडे टाकून दाखवा.

फ्लक्स क्वांटम म्हणजे प्लँकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या चार्जची दुप्पट, येतो २.०७ गुणिले दहाचा उणे पंधरावा घात वेबर. फार लहान आकडा आहे.

आता फील्ड ज्या एरियातून जातं तो काढायचा. रुंदी समजा १० मायक्रोमीटर. जाडी म्हणून नुसतं ऑक्साइड धरू नका, इथेच चूक होते, दोन्ही बाजूची पेनिट्रेशन डेप्थ धरायची, ९० अधिक ९०, ऑक्साइडचे एक-दोन नॅनोमीटर सोडून दिले तरी चालतात, म्हणजे १८० नॅनोमीटर. एरिया झाला १.८ गुणिले दहाचा उणे बारावा घात चौरस मीटर. भागाकार करा, १.१५ मिलिटेस्ला येतो, म्हणजे साडेअकरा गॉस. फ्रिजवर चिकटवायचं साधं मॅग्नेट जवळून याच्यापेक्षा जास्त फील्ड देतं.

जंक्शन दहापट रुंद केलं, १०० मायक्रोमीटर, तर ०.११५ मिलिटेस्लातच पहिला मिनिमम. पाव मिलिमीटर केलं तर सुमारे ४६ मायक्रोटेस्ला, आणि हे तर पृथ्वीच्या फील्डएवढंच झालं, आपल्याकडे ते ४० ते ४५ मायक्रोटेस्लाच्या घरात असतं. म्हणजे जळगावात टेबलावर असं जंक्शन थंड करून ठेवलं आणि शिल्डिंग केलं नाही, तर नुसतं तोंड कुठल्या दिशेला आहे यावरून त्याचा करंट कमीजास्त होईल. (एवढं रुंद जंक्शन 'शॉर्ट', म्हणजे आखूड जंक्शनच्या हिशोबात, राहावं म्हणून त्याची करंट डेन्सिटी खूप कमी पाहिजे, ते खाली लांब जंक्शनच्या प्रश्नात येईलच.)

फील्ड कुठल्या दिशेने लावायचं?

जंक्शनच्या पातळीत, करंटला काटकोनात. करंटच्याच दिशेने, म्हणजे फिल्मला उभं लावलं, तर वरच्या हिशोबाप्रमाणे फेज पिळायला नको, पण प्रत्यक्षात पातळ फिल्म ते फील्ड वळवून काठांवर गोळा करते, वर फिल्ममधे व्हॉर्टेक्स (फ्लक्सचे छोटे भोवरे) घुसतात आणि मोजमापाची वाट लागते. म्हणून कॉइल बसवतानाच दिशा नीट जुळवलेली बरी.

हे पहिल्यांदा कोणी ओळखलं?

ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ साली केंब्रिजमधे, तेव्हा ते २२ वर्षांचे रिसर्च स्टुडंट होते. कुपर पेअर अडथळ्यातून आरपार जातील आणि व्होल्टेजशिवाय करंट मिळेल असं त्यांनी गणिताने दाखवलं. जॉन बार्डीन, ज्यांच्या नावातला ब बीसीएस थिअरीत (सुपरकंडक्टिव्हिटी जोड्यांवरून समजावणारी थिअरी) आहे, त्यांनाच हे पटलं नव्हतं आणि तसं त्यांनी छापूनही आणलं. त्याआधी काही लोकांना टनेलिंगच्या प्रयोगात असा शून्य व्होल्टेजचा करंट दिसला पण होता, पण ऑक्साइडमधे कुठेतरी धातू चिकटून शॉर्ट झालं असेल असं समजून त्यांनी तो बाजूला टाकला.

आता शॉर्ट आहे की खरा जोसेफसन करंट, हे ओळखायचं कसं? फील्डने! साध्या शॉर्टला चार-दोन गॉसने काही फरक पडत नाही, जोसेफसन करंट मात्र लगेच पडतो. बेल लॅबमधे फिलिप अँडरसन आणि जॉन रोवेल यांनी १९६३ साली तेच केलं, पृथ्वीचं फील्ड रद्द केल्यावर करंट वाढतो हे त्यांना दिसलं आणि तो पुराव्याचा मोठा भाग ठरला. त्याच वर्षी रोवेल यांनी फील्ड वाढवत नेऊन करंट पडतो-उठतो-पडतो हेही मोजून दाखवलं. म्हणजे मॅग्नेटिक फील्ड हा या विषयातला पुरवणी धडा नाहीच, जोसेफसन इफेक्ट लोकांनी मान्य केला तोच फील्डमुळे. जोसेफसन यांना १९७३ चं नोबेल मिळालं, लिओ एसाकी आणि इव्हार गिएव्हर यांच्यासोबत.

फ्लक्स क्वांटममधे इलेक्ट्रॉनचा चार्ज दुप्पट का घेतात?

कारण वाहणारी वस्तू जोडी आहे, एकटा इलेक्ट्रॉन नाही. १९६१ साली स्टॅनफर्डला डीव्हर आणि फेअरबँक यांनी, आणि जर्मनीत डॉल आणि नेबाउर यांनी वेगवेगळं काम करून सुपरकंडक्टरच्या पोकळ सिलिंडरमधे अडकलेला फ्लक्स मोजला, तो याच मापाच्या पटीत निघाला.

क्रिटिकल करंटच्या वर करंट ढकलला तर?

व्होल्टेज येतं आणि फेज थांबत नाही, फिरायला लागते. एका मायक्रोव्होल्टला ४८३.६ मेगाहर्ट्झ. या नात्यावर जगभर व्होल्टचं स्टँडर्ड चालतं, आपल्याकडे दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत ते आहे. तो विषय वेगळा आणि मोठा आहे, इथे थांबतो.

दोन जंक्शन रिंगमधे टाकली की स्क्विड होतं म्हणतात, ते कसं?

आता फील्ड जंक्शनमधून कमी आणि रिंगच्या मधल्या भोकातून जास्त जातं. भोकातल्या फ्लक्समुळे दोन जंक्शनच्या फेजमधे फरक पडतो, फ्लक्स पूर्ण क्वांटमच्या पटीत असला की दोघांचा करंट जुळून येतो आणि अर्ध्यावर असला की एकमेकांना रद्द करतो. एका जंक्शनचा ग्राफ सिंगल स्लिट असेल तर हा डबल स्लिट. १९६४ साली फोर्ड कंपनीच्या संशोधन लॅबमधे जॅक्लेविक, लॅम्ब, सिल्व्हर आणि मर्सरो यांनी हे दाखवलं. हो, मोटारवाली फोर्ड.

फायदा काय, तर भोक मोठं करता येतं. एक चौरस मिलिमीटर एरिया घेतला तर एक क्वांटम म्हणजे फक्त २ नॅनोटेस्ला. पृथ्वीचं फील्ड त्याच भोकातून सरळ गेलं तर वीस हजारांच्या वर क्वांटम होतात. आणि इलेक्ट्रॉनिक्स लावून एका क्वांटमचाही अगदी बारीक अंश वाचता येतो. माणसाच्या मेंदूचं फील्ड शंभर फेम्टोटेस्लाच्या आसपास असतं, पृथ्वीच्या फील्डपेक्षा चाळीस कोटी पटींनी लहान, तेही स्क्विडने मोजतात. तामिळनाडूत कल्पक्कमला आयजीसीएआरमधे (इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र) हृदयाचं आणि मेंदूचं फील्ड मोजायची अशी यंत्रणा त्यांनी स्वतः उभी केलीय.

क्युबिटमधे पण हेच. एका जंक्शनच्या जागी दोन जंक्शनची छोटी रिंग टाकायची आणि बारीकसं फील्ड देऊन क्रिटिकल करंट हवा तेवढा कमी करायचा, त्याबरोबर क्युबिटची फ्रिक्वेन्सी सरकते. म्हणूनच फील्डमधे जरासा नॉइज आला तरी क्युबिटला त्रास होतो. २०२५ चं फिजिक्सचं नोबेल क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळालं ते जोसेफसन जंक्शनच्याच सर्किटवरच्या ऐंशीच्या दशकातल्या प्रयोगांसाठी. मुंबईला टीआयएफआरमधे (टाटा मूलभूत संशोधन संस्था) असे क्युबिट बनवतात.

जंक्शन खूप लांब असेल तर हाच ग्राफ येतो का?

नाही. वरचा सगळा हिशोब जंक्शनमधल्या करंटचं स्वतःचं फील्ड सोडून देऊन केलाय. जंक्शन लांब झालं की तो करंट स्वतःच बाहेरचं फील्ड अडवायला लागतो, आणि फील्ड फक्त टोकांना शिरतं. किती लांब म्हणजे लांब, ते जोसेफसन पेनिट्रेशन डेप्थवर ठरतं. चौरस सेंटिमीटरला १०० अँपिअर अशी करंट डेन्सिटी आणि आपली वरची १८० नॅनोमीटर जाडी धरली तर ती ३८ मायक्रोमीटरच्या जवळपास येते. डेन्सिटी शंभरपट कमी केली तर दहापट वाढते. लांब जंक्शनमधे फील्ड एका मर्यादेपुढे गेलं की फ्लक्स एकेक क्वांटमच्या पुडीने आत येतो, त्याला फ्लक्सॉन म्हणतात, आणि करंट दिला की ते जंक्शनमधून पळतात. तेव्हा मधलं शिखर त्रिकोणी होतं आणि मिनिमम शून्याला जात नाहीत.

माझा ग्राफ शून्य फील्डवर मधोमध येतच नाही, एका बाजूला सरकलाय. काय चुकलं?

बहुतेक वेळा फ्लक्स अडकलेला असतो. थंड करताना आजूबाजूला फील्ड होतं, पृथ्वीचं, एखाद्या स्क्रूचं, कनेक्टरमधल्या निकेलचं, आणि नायोबियम सुपरकंडक्टर होताना ते तसंच फिल्ममधे व्हॉर्टेक्स बनून बसलं. किंवा कॉइलमधून मधेच जास्त करंट गेला. उपाय एकच, सॅम्पल नायोबियमच्या ९.२ केल्विनच्या वर नेऊन परत हळू थंड करायचं, कॉइल बंद ठेवून, म्यू-मेटलच्या (फील्ड अडवणाऱ्या मिश्रधातूच्या) डब्यात. ग्राफ नुसता सरकलेला नसून वाकडाही असेल तर व्हॉर्टेक्स जंक्शनच्या अगदी जवळ आहे असं समजा. मोजणी चालू असताना शेजारच्या टेबलावर कोणी लोखंडी पाना सरकवला तरी शिल्डिंग कच्चं असेल तर ग्राफवर उडी दिसते.

शून्य फील्डवर करंट कमी आणि फील्ड लावल्यावर जास्त, असं कधी होतं का?

होतं! मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. जंक्शनच्या अर्ध्या भागात फेज आधीच १८० डिग्री उलटी असेल, तर फील्ड नसताना दोन्ही अर्धे एकमेकांना रद्द करतात, आणि थोडं फील्ड लावून फेज पिळली की उलट ते जुळायला लागतात. वायबीसीओ (यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड) सारख्या गरम सुपरकंडक्टरमधे (गरम म्हणजे ९२ केल्विन) कुपर पेअरची वेव्ह एका दिशेला पॉझिटिव्ह आणि काटकोनातल्या दिशेला निगेटिव्ह असते. क्रिस्टलच्या कोपऱ्यावर जंक्शन बसवलं तर एक अर्धा भाग एका दिशेला तोंड करून, दुसरा दुसऱ्या. नव्वदच्या दशकात असे कोपऱ्यावरचे जंक्शन करून बघितले आणि शून्यावर खरंच खड्डा दिसला. त्या सुपरकंडक्टरमधली जोडी कुठल्या जातीची आहे यावर भौतिकशास्त्रज्ञांचं मोठं भांडण चालू होतं, ते मिटायला या ग्राफची फार मदत झाली.

खान्देशात बसून या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध?

आपल्या पायाखालचा काळा दगड. सातपुड्याच्या पायथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत जो बेसॉल्ट आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतीसारखे लांबच लांब वर आलेले डाइक तर जगभरचे भूशास्त्रज्ञ बघायला येतात. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहाच्या खनिजांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या फील्डची दिशा धरून ठेवली. दख्खनचे बरेचसे थर आजच्यापेक्षा उलट्या दिशेचे निघतात, कारण तेव्हा पृथ्वीचं फील्डच उलटं होतं, आणि दिशेच्या कलावरून भारत त्या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता हेही कळतं. हे मोजायला दगडातून अडीच सेंटिमीटर व्यासाचा गोल तुकडा ड्रिलने काढतात, काढायच्या आधी त्यावर उत्तर दिशेची खूण करतात, आणि लॅबमधे मॅग्नेटोमीटरमधे घालतात. चांगल्या लॅबमधे तो मॅग्नेटोमीटर स्क्विडचा असतो. म्हणजे दगडातलं क्षीण फील्ड शेवटी दोन जंक्शनची फेज पिळूनच वाचलं जातं.

कॉलेजमधे हा प्रयोग होईल का?

नायोबियमचा नाही, त्याला लिक्विड हेलियम लागतं, ४.२ केल्विन, आणि ते आपल्या कॉलेजांच्या आवाक्यात नाही. लिक्विड नायट्रोजन मात्र तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही असतो, रेतनाच्या कांड्या ठेवायला. ७७ केल्विन. त्यात वायबीसीओची गोळी घालून मॅग्नेट तरंगवता येतं. हे सर किंवा मॅडम सोबत असतानाच करा, खोली हवेशीर ठेवा, हातमोजे-चष्मा घाला आणि भांड्याचं तोंड कधीच गच्च बंद करू नका, आत दाब वाढून भांडं फुटतं.

मग घरी बसून काय करता येईल?

कॉम्प्युटरवर ग्राफ काढता येतो, पायथनमधे वीस-पंचवीस ओळी. जंक्शनचे हजार तुकडे करा. प्रत्येक तुकड्याची फेज म्हणजे दोन पाय गुणिले फ्लक्सचे क्वांटम गुणिले तो तुकडा डावीकडून कितवा हिस्सा आहे ते. सगळ्यांच्या साइनची बेरीज करा, कोसाइनची वेगळी, दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा आणि हजाराने भागा, तो झाला त्या फ्लक्सला मिळणारा जास्तीत जास्त करंट. अर्ध्या क्वांटमला ०.६३७, एकला शून्य, १.४३ ला ०.२१७ आलं तर प्रोग्रॅम बरोबर आहे. ते जमलं की मधल्या दोनशे तुकड्यांचा करंट तिप्पट करा आणि मिनिमम कसे उचलले जातात बघा. त्यानंतर ते परत सारखे करून उजव्या पाचशे तुकड्यांच्या फेजमधे एक पाय मिळवा. शून्यावर खड्डा आणि ०.७४ क्वांटमला ०.७२ च्या उंचीचं शिखर मिळायला पाहिजे.